सहा वर्षं झाली, नुसते इव्हेंट लावतेय, पुढे काय?

पत्र थोडक्यात: लिहिणारी मैत्रीण अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात, स्टुडंट युनियनच्या (म्हणजे क्लब आणि कार्यक्रमांसाठी असलेल्या विद्यार्थी केंद्राच्या) ऑफिसात प्रोग्रॅम कोऑर्डिनेटर आहे. हायर एज्युकेशनमध्ये मास्टर्स केलेलं, नोकरीला सहा वर्षं, हुद्दा पहिल्या दिवशी होता तोच. क्लबांचं रूम बुकिंग, कलाकारांची कॉन्ट्रॅक्ट्स, विद्यार्थ्यांच्या फायनान्स कमिटीला सल्ला देणं, संध्याकाळी बिल्डिंग सांभाळणाऱ्या विद्यार्थी मॅनेजरांच्या ड्युट्या, सगळं तिच्याच गळ्यात. कॉन्फरन्सचं बजेट कापलंय, वर्षाला एकालाच पाठवतात आणि तो एक म्हणजे कायम तिच्याहून सीनियर असलेला सहकारी. घरचे विचारतात "तू अजून कॉलेजातच कशी?", डायरेक्टर म्हणतात "तुझ्यामुळे ऑफिस चालतं", आणि विषय तिथेच संपतो. तिला दोनच रस्ते दिसतायत: कर्ज काढून ऑनलाइन डॉक्टरेट, म्हणजे एडडी करायची, नाहीतर हे क्षेत्र सोडून कंपनीत इव्हेंट मॅनेजर व्हायचं. ती विचारते, ताई, यातलं कुठलं बरोबर? आणि बाहेर अर्ज करतेय हे डायरेक्टरना सांगू का?

तुझं पत्र लांबलचक होतं ते बरंच झालं, कारण तू मुद्दे म्हणून जे मांडलंस त्यापेक्षा जाता जाता जे लिहून गेलीस त्यात मला जास्त काही सापडलं. त्यातल्या दोन गोष्टींवर मी नंतर सविस्तर येते, आधी प्रश्नाचं बघू.

तू म्हणतेस माझी प्रोफेशनल डेव्हलपमेंट बंद पडलीय, आणि कारण देतेस की कॉन्फरन्सला पाठवत नाहीत. पण पत्र नीट वाचलं तर तुझी दुखणी वेगवेगळी आहेत आणि तू सगळ्यांना एकच नाव दिलंयस. काही ठिकाणी तू खरंच म्हणतेस की मला हे येत नाही, शिकायचंय (बजेटबद्दलचा परिच्छेद आठव). काही ठिकाणी तुला सगळं येतंय पण कोणी दखल घेत नाही याचा राग आहे. आणि दोन-तीन ठिकाणी, खरं सांगू का, तू फक्त दमलेली आहेस, सलग किती वीकेंड कामावर गेले ते मोजत बसलीयस. आता शिकायचं राहिलं असेल तर एक औषध, दखल हवी असेल तर दुसरं, आणि दमणुकीवर डॉक्टरेट हा काही इलाज नाही गं, उलट रात्री अकराला घरी येऊन असाइनमेंट लिहायची म्हणजे आगीत तेल. तेव्हा एका संध्याकाळी कागद घेऊन बस आणि पत्रातलं प्रत्येक गाऱ्हाणं यातल्या कुठल्या खात्यात जातं ते लिही. मला वाटतं दखलीचं खातं सगळ्यात भरलेलं निघेल, पण ते तू ठरव, मी नाही.

आता ती पहिली जाता जाता लिहिलेली गोष्ट. तू लिहितेस की मागच्या महिन्यात फायनान्स कमिटीने एका क्लबच्या वक्त्याचे पैसे नाकारले, पाच विरुद्ध दोन, कारण काय तर "हा माणूस आला की कॅम्पसवर उगाच वाद होतील". तू सल्लागार म्हणून शेजारीच बसलेली होतीस, तुला खटकलं, पण पोरांचे पैसे, पोरांचा निर्णय, मी कशाला मध्ये पडू असं म्हणून गप्प राहिलीस. आणि पुढच्याच ओळीत लिहितेस की माझ्या कामात डोकं लावण्यासारखं काही नाही. मी म्हटलं, अगं बाई!

तुझं विद्यापीठ सरकारी आहे. सरकारी विद्यापीठात सगळ्यांकडून सक्तीने घेतलेली अ‍ॅक्टिव्हिटी फी क्लबांना वाटायची असेल तर ती विचार बघून वाटता येत नाही. २००० साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या साउथवर्थ खटल्यात हेच सांगितलं: फी सक्तीची ठेवा, हरकत नाही, पण वाटप कुठल्याही मताच्या बाजूने किंवा विरोधात झुकलेलं नको. आणि तुझ्या बैठकीला नेमकं लागू पडणारं म्हणजे, तिथे एक पद्धत अशी होती की विद्यार्थ्यांचं मतदान घेऊन एखाद्या संस्थेचे पैसे देता किंवा बंद करता यायचे, त्याच भागावर कोर्टाने बोट ठेवलं, कारण बहुमताने कोणाचं मत चालेल ते ठरवणं म्हणजे निःपक्षपातीपणा नव्हे. म्हणजे "पाच विरुद्ध दोन" एवढंच तुझ्या कमिटीचं उत्तर होऊ शकत नाही. त्याआधी १९९५ मध्ये रोझेनबर्गर खटल्यात व्हर्जिनिया विद्यापीठाने एका ख्रिस्ती विद्यार्थी नियतकालिकाच्या छपाईचे पैसे नाकारले होते, तिथे विद्यापीठ हरलं. आणि १९७२ मध्ये हीली खटल्यात कनेक्टिकटमधल्या एका सरकारी कॉलेजने एका डाव्या विद्यार्थी संघटनेला मान्यताच दिली नाही, तेव्हा कोर्टाने सांगितलं की नुसती विचारसरणी पसंत नाही म्हणून मान्यता नाकारता येणार नाही.

हे तुला वकील बनवायला सांगत नाहीये. विद्यापीठाचे वकील असतात, प्रश्न त्यांच्याकडे न्यायचा. पण तो न्यायचाय हे बैठकीत, मतदानाच्या आधी, ओळखणारं माणूस लागतं आणि त्या खोलीत पगारी माणूस तू एकटीच होतीस. पोरांच्या हातातून निर्णय काढून घेऊ नकोस. फक्त म्हणायचं, "थांबा, कारण काय लिहायचंय मिनिट्समध्ये? वक्ता कोण आहे हे बाजूला ठेवून, गर्दी, खर्च, अर्जाची तारीख, याआधी अशाच अर्जांना किती दिले, यातलं कुठलं कारण आहे का?" नसेल तर पोरांनाच कळतं. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना बहुमत आणि न्याय यातला फरक त्या पाच मिनिटांत जितका कळतो तितका वर्गात सेमिस्टरभर कळत नसेल. आणि ती बैठक अजून दुरुस्त होऊ शकते बरं का, क्लबला अपील करता येतं का बघ आणि या आठवड्यातच डायरेक्टरना सांग, लपवू नकोस.

म्हणून माझा पहिला सल्ला कंटाळवाणा आहे: तुमच्या फायनान्स कमिटीचे नियम काढ आणि पेन घेऊन वाच. पैसे देण्याचे निकष लेखी आहेत का? "कॅम्पसच्या हिताचं" असले गुळमुळीत शब्द आहेत का, ज्याच्या आड काहीही लपवता येतं? दर सप्टेंबरला नवी कमिटी येते तेव्हा तिला ट्रेनिंग कोण देतं? कोणीच देत नसेल (बहुतेक नसेलच) तर ते ट्रेनिंग तू बनव, तासाभराचं, तीन-चार खोटे अर्ज तयार करून पोरांना त्यावर भांडायला लाव. ते एकदा चाललं की तुझ्याकडे दाखवण्यासारखं काहीतरी आहे. त्याला कॉन्फरन्सचं बजेट लागत नाही.

दुसरी जाता जाता लिहिलेली गोष्ट म्हणजे रात्रीचा तो फोन. हा परिच्छेद मी दोनदा वाचला. साडेअकराला बिल्डिंग बंद करणाऱ्या तुझ्या विद्यार्थी मॅनेजरचा फोन आला, लॉबीतलं फायर अलार्मचं पॅनल टीं टीं करतंय, पिवळा दिवा लागलाय, रिसेट दाबू का? तू त्याला म्हणालीस की आधी स्क्रीनवर काय लिहिलंय ते अक्षर न अक्षर मला वाचून दाखव, रिसेट दाबायचं नाही. त्याने वाचलं, "ट्रबल" होतं. म्हणजे आग नाही, यंत्रणेतच कुठेतरी बिघाड, बॅटरी, वायर, असलं काही. तू त्याच्याकडून कॅम्पस डिस्पॅचला (तातडीचे फोन घेणाऱ्या कक्षाला) फोन करवलास, पॅनलचा फोटो काढायला लावलास, आणि मग सगळे मजले एकदा फिरून ये म्हणालीस. दुसऱ्या दिवशी तू एक पान लिहिलंस, अलार्म म्हणजे काय, सुपरव्हायझरी म्हणजे काय, ट्रबल म्हणजे काय, कोणत्या वेळी कोणाला फोन, आणि ते लॅमिनेट करून पॅनलशेजारी लावलंस. आणि या सगळ्यावर तुझी टिप्पणी काय, तर "असल्या फालतू गोष्टींत दिवस जातो".

मी नोकरी देणारी असते ना, तर मला त्या पानाचा फोटो बघायचा असता. ज्या पोराने दुसऱ्या कोणाचाही फोन न लावता तुझा लावला, आणि पुढच्या वेळी कदाचित फोन न करताच निभावेल, ते तुझं काम. आपल्या क्षेत्रातल्या संघटनेने, एसीयूआयने, २००५ मध्ये या पेशाची अकरा कौशल्यं ठरवली, त्यात लीडरशिप आणि मार्केटिंग आहे तसंच फॅसिलिटीज मॅनेजमेंट आहे, आर्थिक व्यवस्थापन आहे, माणसं घडवणं आहे. म्हणजे पॅनलचं टीं टीं त्या यादीत मुद्दाम आहे, चुकून नाही. याचं कारणही जुनं आहे. अमेरिकेतली पहिली युनियन बिल्डिंग म्हणून जिला मान आहे ती पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची ह्यूस्टन हॉल १८९६ ची, एसीयूआय १९१४ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात सुरू झाली, आणि १९५६ मध्ये तिने युनियनची भूमिका लिहून काढली तेव्हा ठासून सांगितलं की युनियन म्हणजे नुसती इमारत नव्हे, ती संघटनाही आहे आणि कार्यक्रमही. गेली कित्येक वर्षं आपल्यातले लोक या वाक्यातलं "नुसती इमारत नव्हे" एवढंच ऐकतात आणि इमारतीचं काम खालच्या दर्जाचं समजतात. तूही तेच करतेयस. मला हे पटत नाही.

एक उदाहरण देते. तुझ्याकडे २,१०० चौरस फुटांचा मोकळा हॉल आहे समज. नुसत्या खुर्च्या मांडल्या तर इमारतीच्या नियमावलीत माणशी ७ चौरस फूट धरतात, म्हणजे ३०० माणसं. टेबलं आणि खुर्च्या मांडल्या तर माणशी १५, म्हणजे १४०. तोच हॉल, त्याच भिंती. दारांच्या रुंदीवर आणि फायर मार्शलच्या पाटीवर शेवटचा आकडा ठरतो ते वेगळं. आता एखादा क्लब २०० लोकांचं फॉर्म भरतो आणि आदल्या दिवशी मेल करतो की आम्हाला गोल टेबलं हवीत, तेव्हा ज्याला हे माहीत नाही तो "हो" म्हणतो. ज्याला माहीत आहे तो त्याच क्षणी फोन उचलतो. आणि गर्दीचं म्हणशील तर लाइफ सेफ्टी कोडमध्ये (आगीपासून सुरक्षेच्या अमेरिकन नियमावलीत) साधारण २५० माणसांमागे एक प्रशिक्षित क्राउड मॅनेजर अपेक्षित असतो, तुमच्या मोठ्या कॉन्सर्टला ते कोण असतं, त्याने ट्रेनिंग घेतलंय का, विचारून बघ. ही ट्रेनिंग्ज ऑनलाइन असतात, काही तासांत होतात आणि ऑफिस त्यांना सहसा नाही म्हणत नाही कारण ती सेफ्टीच्या खात्यात जातात. कॉन्फरन्सच्या बजेटकडेच डोळे लावून बसलं की असली दुसरी खाती दिसत नाहीत.

तसंच सिनेमाचं. "माझ्याकडे सबस्क्रिप्शन आहे, प्रोजेक्टरवर लावू" म्हणणारं पोरगं दर महिन्याला येत असेल, आणि कॅम्पसवर सगळ्यांसाठी दाखवायचं तर सार्वजनिक प्रदर्शनाचे हक्क वेगळे घ्यावे लागतात हे तू दर महिन्याला समजावत असशील. तुला ते नाही म्हणण्याचं काम वाटतं, पण तेही शिकवणंच आहे. असो, पुढे जाऊ.

आता कॉन्फरन्स. मी कॉन्फरन्सच्या विरोधात नाही, मला आवडायच्या, पण खरा फायदा कशाचा होतो ते बघ. तासाभराचं सेशन, पन्नास स्लाइड, परत आल्यावर त्यातलं फार काही कोणी करत नाही. फायदा होतो तो बाहेर कॉरिडॉरमध्ये, तुझ्यासारखीच बिल्डिंग चालवणारं कोणीतरी भेटतं आणि म्हणतं की आम्हालाही हाच त्रास होता, आम्ही असं केलं. ते मिळवायला विमानाचं तिकीट लागतंच असं नाही. तुझ्यापासून गाडीने दीड-दोन तासांवर किती कॅम्पस असतील? तिथल्या तुझ्या हुद्द्याच्या माणसाला मेल कर, की तुमच्या सगळ्यात गर्दीच्या दिवशी मी येऊन तुमच्यामागे फिरते, आणि आमच्या गर्दीच्या दिवशी तुम्ही या. बॅकस्टेजला काय चाललंय, सेटअपची माणसं किती, कोण कोणाला ओरडतंय, एका दिवसात कळतं. आणि ही काही भीक मागितल्यासारखी गोष्ट नाही. कॅम्पस अ‍ॅक्टिव्हिटीजची जी राष्ट्रीय संघटना आहे, एनएसीए, तिची मुळंच १९६० मध्ये कॉलेजांनी एकत्र येऊन कलाकार ठरवण्यात आहेत, कारण एकाच भागातल्या चार कॉलेजांनी लागोपाठच्या तारखा दिल्या तर तोच कलाकार स्वस्तात येतो. पैसे कमी होते म्हणून लोक एकमेकांकडे गेले, आणि त्यातून संघटना उभी राहिली.

तरीही जायचंच असेल (आणि जावं, एकदा तरी) तर "मला पाठवा" असं म्हणू नकोस. प्रादेशिक कॉन्फरन्स बघ, ती स्वस्त असते. तिथे सेशनचा प्रस्ताव टाक, तो फायनान्स कमिटीच्या ट्रेनिंगचा टाक, खोट्या अर्जांसकट. स्वीकारला गेला की तू डायरेक्टरकडे प्रवासाला पैसे मागायला आलेली ज्युनिअर राहत नाहीस, विद्यापीठाचं नाव कार्यक्रमपत्रिकेत छापून येणार असतं, आणि त्याला नाही म्हणणं जड जातं. स्वयंसेवक म्हणून कमिट्यांवर काम करायला माणसं या संघटनांना कायम हवी असतात, बऱ्याच बैठका ऑनलाइनच होतात. त्या सीनियर सहकाऱ्याबद्दल तू जे लिहिलंयस ते मी छापत नाही, पण एक करून बघ, तो परत आला की टीम मीटिंगमध्ये गोडीने विचार, "तिथे काय ऐकलंस, आपल्याकडे काय करूया?" पुढच्या वर्षी कोणाला पाठवायचं हा प्रश्न आपोआप थोडा हलेल.

डॉक्टरेटचं काय. मी सरळ नाही म्हणणार नाही, पण कर्ज काढून आत्ताच नको असं माझं मत आहे. तुला पाच वर्षांनी ज्या खुर्चीवर बसायचंय त्या खुर्चीच्या नोकऱ्यांच्या जाहिराती जमव, वीसेक तरी. युनियनचे असिस्टंट डायरेक्टर, असोसिएट डायरेक्टर, डायरेक्टर. प्रत्येकात डॉक्टरेट "आवश्यक" लिहिलंय, "असल्यास प्राधान्य" लिहिलंय, का काहीच नाही, त्याच्या खुणा कर. डीन किंवा व्हाइस प्रेसिडेंट व्हायचं असेल तर चित्र वेगळं दिसेल, डायरेक्टरपर्यंत जायचं असेल तर बहुतेक जाहिरातींत भर तुला बजेट किती सांभाळलं, पूर्णवेळ माणसं किती सांभाळली यावर दिसेल, आणि तुझ्याकडे सध्या या दोन्हीचा आकडा शून्य आहे. ते शून्य डॉक्टरेटने भरत नाही. शिवाय एचआरला एक मेल टाक, तुमच्या विद्यापीठात कर्मचाऱ्यांना फीमाफी आहे का, किती क्रेडिटपर्यंत, पदव्युत्तर कोर्सना लागू आहे का. मालकाकडून शिक्षणासाठी मिळणारी मदत अमेरिकेच्या करकायद्यात वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त धरली जात आलीय, चालू वर्षाची मर्यादा त्यांनाच विचार. फुकट किंवा निम्म्यात दोन कोर्स घेता येत असतील तर आधी ते घे, एक उच्च शिक्षणाच्या कायद्याचा, एक बजेटचा. आवडलं तर पुढचं बघू. घरच्यांना "डॉक्टर" सांगता यावं म्हणून करणार असशील तर फार महाग उत्तर आहे ते.

आणि कंपनीतली इव्हेंटची नोकरी? ती वाईट नाही. पगार बहुधा बरा, आणि तुला कॉन्ट्रॅक्ट, गर्दी, वेळापत्रक सगळं येतंच. पण तुझ्या पत्रात ज्या ज्या ठिकाणी तुझी लेखणी जिवंत होते तिथे तिथे पोरं आहेत, तो रात्रीचा मॅनेजर, ती लाजरी क्लब सेक्रेटरी जिने पहिल्यांदा स्टेजवर अनाउन्समेंट केली. तिकडे पोरं नसतील. तुझं तुला ठाऊक, कदाचित पोरांचा कंटाळाही आला असेल, तसं असेल तर तेही प्रामाणिकपणे म्हण आणि जा, त्यात कमीपणा काय.

मग करायचं काय? डायरेक्टर "तुझ्यामुळे ऑफिस चालतं" म्हणतात तेव्हा तू हसून बाहेर येतेस. पुढच्या वेळी बसून राहा. पैसे मागू नकोस, जबाबदारी माग, आणि नेमकी माग. म्हणजे असं: "पुढच्या वर्षी व्याख्यानमालेचं बजेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझ्याकडे द्या, दर महिन्याला हिशोब तुम्हाला दाखवते. आणि रात्रपाळीच्या मॅनेजरांची भरती, ट्रेनिंग, मूल्यमापन माझ्या नावावर लेखी करा, जॉब डिस्क्रिप्शनमध्ये." हे दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. तू ते काम करतेसच, पण कागदावर नाही, त्यामुळे सहा वर्षांनंतरही कागदावरची तू पहिल्या दिवसाचीच आहेस. हुद्दा बदलायचा तर एचआर आधी तोच कागद बघणार.

त्या भेटीला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नकोस. एसीपीए आणि नॅस्पा या विद्यार्थी-कल्याणाच्या क्षेत्रातल्या दोन संघटनांनी मिळून २०१५ मध्ये सुधारलेली दहा क्षमतांची यादी आहे, प्रत्येकीला पायाभूत, मध्यम आणि प्रगत अशा पायऱ्या आहेत. ती काढ. पण स्वतःच स्वतःला मार्क देत बसू नकोस, आपण बायका तिथे हमखास स्वतःला एक पायरी खाली उतरवतो. प्रत्येक क्षमतेसमोर एक पुरावा लिही, तारखेसकट: हा नियम मी लिहिला, हे पान मी लावलं, हे ट्रेनिंग मी दिलं. जिथे पुरावा सुचत नाही ती तुझी खरी शिकण्याची जागा. मला वाटतं "असेसमेंट" समोर तू अडकशील, कारण तुमच्या रिपोर्टात फक्त किती पोरं आली तेवढंच असतं. चारशे आली, बरं, मग? पुढच्या मोठ्या कार्यक्रमाआधी ठरव की राबणाऱ्या दहा विद्यार्थ्यांनी यातून काय शिकावं, आणि नंतर प्रत्येकाला दहा मिनिटं बसवून विचार, काय बिघडलं, तू काय केलंस, परत केलंस तर काय बदलशील. उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून ठेव. वर्षाच्या शेवटी ती तीन पानं डायरेक्टरच्या वरिष्ठांकडे गेली तर त्यांना ती वापरता येतील, त्यांनाही वर कोणालातरी पटवायचंच असतं. पूर्ण ऑफिसचंच परीक्षण करायचं झालं तर सीएएस या उच्च शिक्षणातली मानकं ठरवणाऱ्या परिषदेची मानकं आहेत, १९७९ पासून ती हेच काम करतेय, युनियनसाठी वेगळी आणि कॅम्पस अ‍ॅक्टिव्हिटीजसाठी वेगळी, सोबत स्वतः तपासायची पुस्तिकाही असते. एवढ्यात त्याला हात घालू नकोस, एकटीने ओढायचं काम नाही ते.

दमणुकीचं राहिलं. महिन्यातला एक वीकेंड कॅलेंडरवर बंद कर आणि त्या दिवशी बिल्डिंग तुझ्या सगळ्यात अनुभवी विद्यार्थी मॅनेजरवर आणि एका सहकाऱ्यावर सोड. फोन येईल. उचल, पण धावत जाऊ नकोस. त्या लॅमिनेट केलेल्या पानासारखी अजून चार-पाच पानं झाली ना, लिफ्ट अडकली, कोणी चक्कर येऊन पडलं, कलाकार उशिरा आला, की फोन कमी होतील, आणि ती पानं पुराव्याच्या यादीतही बसतील. घरच्यांच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही, माझ्या घरचे अजून विचारतात.

हे सगळं एक वर्षभर कर आणि वर्ष संपताना तीन गोष्टी बघ: बजेट मिळालं का, जॉब डिस्क्रिप्शन बदललं का, डायरेक्टरनी हुद्द्याबद्दल तारीख देऊन काही सांगितलं का. तिन्ही नाही असं आलं तर जा, दुसऱ्या कॅम्पसवर अर्ज कर, तेव्हा तुझ्याकडे दाखवायला बरंच असेल. आपल्या क्षेत्रात वरची पायरी पुष्कळदा दुसऱ्याच बिल्डिंगमध्ये असते, त्यात बेइमानी नाही.

आणि तुझा शेवटचा प्रश्न, बाहेर अर्ज करतेय हे डायरेक्टरना सांगू का? नाही, आत्ताच सांगू नकोस. काय हवंय ते सांग, बाहेर बघतेय हे नको, कारण ते धमकीसारखं ऐकू येतं आणि एकदा बोललं की मागे घेता येत नाही. पण हे जग लहान आहे, निवड समितीतलं कोणीतरी तुमच्या डायरेक्टरना ओळखत असणारच, म्हणून अर्जातच लिही की सध्याच्या वरिष्ठांशी शेवटच्या फेरीतच आणि मला विचारून संपर्क करावा. ती फेरी आली की मग आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांग, मेलवर नको. बऱ्याच अर्जांमध्ये यासाठी वेगळा रकाना असतो, तो घाईत तसाच सोडू नकोस.